टॅग लावला, पण गाडी सुटली का? संपर्क-टॅगवर चालणाऱ्या ऑटोमेशनचं परीक्षण

टॅग, म्हणजे संपर्कावर चिकटवलेली खूण, लावला की ऑटोमेशन, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या ईमेलांची आणि पायऱ्यांची मालिका, आपोआप सुरू होतं, असं ईमेल मार्केटिंगची जवळपास प्रत्येक सेवा सांगते. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. दारावर पाटी असणं वेगळं आणि दारावर थाप पडणं वेगळं. टॅगचंही तसंच आहे: काही सेवा थाप ऐकतात, म्हणजे टॅग लागण्याच्या क्षणाकडे बघतात, काही पाटी वाचतात, म्हणजे टॅग आत्ता आहे की नाही एवढंच तपासतात. आपली सेवा कोणत्या जातीची आहे हे न बघता वर्कफ्लो (म्हणजे अशी मालिका) बांधला, तर तो चाचणीत झकास चालतो आणि महिन्याभराने ‘अमुक ग्राहकाला ईमेल गेलंच नाही’ अशा तक्रारी येऊ लागतात.

या परीक्षणात सगळीकडे एकच मांडणी गृहीत धरली आहे. ‘डेमो-मागितला’ हा टॅग लागला की पहिलं ईमेल लगेच, दुसरं २ दिवसांनी, तिसरं ५ दिवसांनी. मध्येच ‘डेमो-झाला’ हा टॅग लागला तर उरलेली ईमेल थांबली पाहिजेत. साधी गोष्ट आहे, पण तिला पाच प्रश्न विचारले की सेवेचा खरा स्वभाव कळतो. वर्कफ्लो सुरू करण्याआधीच टॅग असलेल्यांचं काय होतं? तोच टॅग दुसऱ्यांदा लावला तर? मध्येच काढला तर? एकदम हजारो जणांना लावला तर? आणि टॅग लागल्यापासून पहिलं ईमेल निघेपर्यंत किती वेळ जातो?

ॲक्टिव्हकॅम्पेन: थाप ऐकणारी, पण कान तिखट

टॅगवर चालणारी ऑटोमेशन बांधायला आजच्या घडीला सगळ्यांत मोकळा हात देणारी सेवा ही. सुरुवातीला ‘टॅग इज ॲडेड’ हा स्टार्ट ट्रिगर, म्हणजे मालिका सुरू करणारी घटना, निवडायचा, टॅग निवडायचा, आणि खाली ‘रन्स’ या ठिकाणी ‘वन्स’ की ‘मल्टिपल टाइम्स’ हे ठरवायचं. निम्म्या तक्रारींचं मूळ या शेवटच्या छोट्या खिडकीत असतं. ‘वन्स’ ठेवलं तर माणूस आयुष्यात एकदाच आत येतो. सहा महिन्यांनी त्याने पुन्हा डेमो मागितला, तुम्ही तोच टॅग काढून पुन्हा लावला, तरी काही घडत नाही. ‘मल्टिपल टाइम्स’ ठेवलं तर तो पुन्हा येऊ शकतो, पण टॅग आधी निघालेला असेल तरच. अंगावर असलेला टॅग पुन्हा लावणं म्हणजे ॲक्टिव्हकॅम्पेनच्या लेखी काहीच न करणं. थाप पडलीच नाही.

म्हणून ट्रिगरचा टॅग ऑटोमेशननेच काढायचा. कुठे काढायचा, यावर मात्र दोन मतं आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. पहिल्याच पायरीला काढला तर दार लगेच मोकळं होतं. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा फॉर्म भरला तर तो दुसऱ्यांदा आत शिरतो आणि एकाच ऑटोमेशनमध्ये दोन ठिकाणी उभा राहतो. त्याला तीच ईमेल एक दिवसाच्या अंतराने दोनदा जातात. शेवटच्या पायरीला काढला तर टॅग कुलपासारखं काम करतो: आत असेपर्यंत दुसरी थाप ऐकूच येत नाही. तोटा असा की मधल्या पाच दिवसांत त्याने खरोखर नवी चौकशी केली असेल तर तीही दुर्लक्षित होते. विक्रीच्या पाठपुराव्यासाठी आम्ही शेवटी काढण्याच्या बाजूचे आहोत. पावती, फाइल डाउनलोड यांसारख्या एका ईमेलच्या कामासाठी पहिल्याच पायरीला.

शेवटी काढायचं ठरवलं की पुढचा सापळा येतो. ‘डेमो-झाला’ लागल्यावर माणसाला बाहेर काढायचं आहे. त्यासाठी ‘एंड अदर ऑटोमेशन’ वापरून दुसऱ्या ऑटोमेशनमधून याला बंद करणं सोपं वाटतं. पण मग माणूस जिथे उभा होता तिथेच प्रवास संपतो, टॅग काढण्याच्या पायरीपर्यंत तो पोहोचतच नाही. टॅग अंगावर तसाच राहतो आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. याला उपाय ‘गोल’ हा घटक. गोल तिसऱ्या ईमेलच्या खाली आणि टॅग काढण्याच्या पायरीच्या बरोबर वर ठेवायचा. अट: ‘डेमो-झाला’ टॅग आहे. अट पूर्ण झाली की माणूस जिथे कुठे वाट बघत असेल तिथून थेट गोलपाशी येतो, आणि मग टॅग काढण्याची पायरी त्याच्याकडूनही होते. ज्यांची अट पूर्ण झाली नाही त्यांच्यासाठी गोलमध्ये ‘कंटिन्यू एनीवे’ ठेवायचं. तिथे ‘वेट अंटिल’ ठेवलं तर डेमो न घेतलेली मंडळी त्या पायरीवर कायमची ताटकळत राहतात आणि त्यांचे टॅग कधीच निघत नाहीत.

टॅग मध्येच हाताने काढला तर माणूस बाहेर पडेल, अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. आत आलेला माणूस आतच राहतो. टॅगने दार उघडलं होतं, त्याला धरून ठेवलेलं नव्हतं. टॅग काढल्यावर थांबवायचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं: गोलची अट ‘टॅग नाही’ अशी ठेवून, किंवा प्रत्येक ईमेलच्या आधी ‘इफ/एल्स’, म्हणजे अट तपासून वाट ठरवणारी पायरी, घालून.

आणखी एक खोड वेळेची. स्टार्ट ट्रिगरवर अट घालता येते, उदाहरणार्थ ‘कंपनीचा आकार’ या फील्डमध्ये ५० पेक्षा मोठा आकडा असेल तरच आत घे. ही अट टॅग लागण्याच्या क्षणी तपासली जाते. झेपियरसारख्या, दोन सेवा जोडणाऱ्या मध्यस्थाने आधी टॅग लावला आणि दोन सेकंदांनी फील्ड भरलं, तर त्या क्षणी फील्ड रिकामं असतं, अट नापास होते आणि माणूस बाहेरच राहतो. नंतर फील्ड भरलं म्हणून कुणी त्याला परत बोलावत नाही. कॉन्टॅक्टच्या पानावर बघाल तर टॅगही दिसतो, फील्डही दिसतं, सगळं जागेवर. ऑटोमेशनचं नाव तेवढं नाही. हा दोष शोधताना लोकांचा अख्खा दिवस जातो. उपाय असा: ट्रिगरवर अट घालूच नका. सगळ्यांना आत घ्या, ५ मिनिटांची वेट पायरी ठेवा आणि मग ‘इफ/एल्स’ने गाळा. मध्यस्थ साधनात क्रम बदलता येत असेल तर नियम एकच, टॅग सगळ्यांत शेवटी लावायचा.

एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रॅममधून थेट सेवेला विनंती पाठवून, टॅग लावताना इथे टॅगचं नाव चालत नाही, त्याचा आकडी क्रमांक द्यावा लागतो. सुरुवातीला कटकट वाटते, पण चुकीच्या स्पेलिंगचा टॅग गुपचूप तयार होण्याची भीती त्यामुळे राहत नाही. मर्यादा सेकंदाला ५ विनंत्यांची. आपल्या स्क्रिप्टने ती ओलांडली आणि आलेल्या ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’) या उत्तराकडे लक्ष दिलं नाही, तर काही लोकांना टॅग लागतच नाही आणि कुठे लाल दिवाही लागत नाही. आणि हो, टॅग लागलेला माणूस कुठल्याच लिस्टवर सक्रिय नसेल तर तो ऑटोमेशनमधून पायऱ्या उतरत जातो, ईमेल मात्र त्याला मिळत नाही. अहवालात तो ‘पूर्ण झालेला’ दिसतो.

मेलचिंप: टॅग चांगले, कुंपण घट्ट

२००१ मध्ये सुरू झालेली आणि २०२१ पासून इंट्युइटच्या मालकीची ही सेवा अनेकांची पहिली ओळख असते. टॅग लागण्यावर प्रवाह (इथलं ऑटोमेशन) सुरू करता येतो, मध्ये वाट बघणं, अट तपासणं, टॅग लावणं-काढणं सगळं आहे. अडचण आहे ती ऑडियन्स, म्हणजे संपर्कांची यादी, नावाच्या कुंपणाची. टॅग त्या-त्या ऑडियन्सपुरता असतो. दोन ऑडियन्समध्ये एकाच नावाचा टॅग असला तरी ते दोन वेगळे टॅग आहेत, आणि एकच ईमेल पत्ता दोन्हीकडे असेल तर तो दोन संपर्क म्हणून मोजला जातो, म्हणजे पैसेही दोनदा. म्हणून मेलचिंपमध्ये टॅगवर काम करायचं असेल तर पहिली पायरी म्हणजे सगळ्यांना एका ऑडियन्समध्ये आणणं. ते न करता वर्कफ्लोंवर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते.

इथे ‘ग्रुप’ नावाची आणखी एक चीज आहे आणि टॅगशी तिची गल्लत होते. ग्रुप हा ग्राहकाने स्वतः निवडायचा पर्याय, फॉर्मवर त्याला दिसणारा. टॅग आपल्या आतल्या वापराचा, ग्राहकाला न दिसणारा. आवडीनिवडी ग्रुपमध्ये, कामाच्या खुणा टॅगमध्ये.

तंत्रज्ञांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, एपीआयमधून टॅग नावाने लावला जातो, आणि त्या नावाचा टॅग नसेल तर मेलचिंप तो निमूटपणे नवा तयार करतं. ‘डेमो-मागितला’ ऐवजी ‘डेमो-मागीतला’ पाठवलंत तर त्रुटी येत नाही. नवा टॅग जन्माला येतो आणि तुमचा प्रवाह ढिम्म बसून राहतो. दोन, टॅग लावण्याच्या त्याच विनंतीत ‘इज सिंकिंग’ नावाची खूण आहे. ती खरी ठेवली तर त्या विनंतीतल्या टॅगवर आधारलेली ऑटोमेशन सुरू होत नाहीत. जुना डेटा भरताना हे वरदान आहे: दहा हजार जुन्या ग्राहकांना टॅग लागतील आणि एकालाही ‘स्वागत’ म्हणून ईमेल जाणार नाही. पण कुणीतरी ती खूण जुन्या स्क्रिप्टमधून उचलून रोजच्या जोडणीतही तशीच ठेवते, आणि मग सगळे विचारतात की टॅग तर दिसतोय, प्रवाह का हलत नाही. मेलचिंपवर टॅग दिसत असूनही प्रवाह सुरू होत नसेल तर स्पेलिंगच्या खालोखाल हीच जागा तपासावी. तिसरी शक्यता म्हणजे तो संपर्क ‘नॉन-सबस्क्राइब्ड’, म्हणजे मार्केटिंग ईमेलसाठी नाव न नोंदवलेला, असणं. टॅग त्यालाही लागतो, मार्केटिंगचं ईमेल जात नाही.

छोट्या, एका ऑडियन्सच्या कामाला मेलचिंप पुरेसं आहे. टॅगांच्या साखळ्या लांबू लागल्या की हात बांधल्यासारखे वाटतात.

किट: हिशोब स्वच्छ, पण क्लिकवर विश्वास किती ठेवायचा

२०१३ मध्ये कन्व्हर्टकिट म्हणून सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये किट झालेल्या या सेवेत एका माणसाची एकच नोंद असते. बाकी सगळं टॅग आणि सेगमेंट (अटीवरून बनणारे गट). टॅगच्या कामासाठी ही रचना मुळातच सोयीची. दोन रस्ते आहेत. साध्या कामाला ‘रूल’: हे घडलं की ते कर. मोठ्या कामाला ‘व्हिज्युअल ऑटोमेशन’, त्यात टॅग हा प्रवेशबिंदूही होतो आणि मध्ये ठेवलेली ‘घटना’ही. मधल्या घटनेची गंमत अशी की टॅग लागताच, आधीच्या पायऱ्यांवर रेंगाळणारा माणूस तिथे ओढला जातो. म्हणजे ‘डेमो-झाला’ ही घटना तिसऱ्या ईमेलखाली ठेवली की ॲक्टिव्हकॅम्पेनच्या गोलचं काम इथे बिनबोभाट होतं.

किटमधला ‘लिंक ट्रिगर’ लोकांना फार आवडतो: ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की टॅग लागतो. ‘मला फक्त नवशिक्यांसाठीचा मजकूर हवा’ अशी लिंक दिली की ग्राहक स्वतःच स्वतःची वर्गवारी करतो. कल्पना उत्तम, पण कंपन्यांच्या ईमेल पत्त्यांवर ती फसते. मोठ्या कंपन्यांची सुरक्षा प्रणाली आलेल्या ईमेलमधल्या लिंक आधी स्वतः उघडून तपासते. परिणाम: ईमेल पोहोचल्यावर काही सेकंदांतच त्या माणसाला ‘नवशिका’, ‘अनुभवी’ आणि ‘रस-नाही’ असे तिन्ही टॅग लागलेले. हा किटचा दोष नाही, क्लिकवर टॅग लावणाऱ्या प्रत्येक सेवेत हे होतं. ओळखायची खूण सोपी: परस्परविरोधी टॅग एकाच मिनिटाला लागलेले. उपाय म्हणजे महत्त्वाचा टॅग थेट क्लिकवर न लावता लिंकने एका पानावर न्यायचं आणि तिथलं बटण दाबल्यावर लावायचा. एक पायरी वाढते, काही लोक गळतात, पण उरतात ती माणसं असतात.

ईमेल उघडण्यावर तर टॅग लावूच नये. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय दिली, ती ईमेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे न वाचलेलं ईमेलही उघडल्यासारखं मोजलं जातं. ‘उत्साही-वाचक’ टॅग त्यावर लावलात तर तुमच्या यादीत उत्साह उतू जाईल आणि विक्री तेवढीच राहील.

स्वतःच्या सर्व्हरवर: फ्लुएंटसीआरएम आणि मॉटिक

फ्लुएंटसीआरएम हे वर्डप्रेसचं प्लगइन. ‘टॅग अप्लाइड’ हा ट्रिगर, आणि खाली तोच संपर्क पुन्हा आत येऊ द्यायचा का याची चौकट. मध्येच ठेवायच्या उद्दिष्टांना ते ‘ऑप्शनल’ आणि ‘इसेन्शियल’ असे दोन प्रकार देतात; इसेन्शियल ठेवलं तर ते गाठल्याशिवाय माणूस पुढे सरकत नाही, म्हणून वर सांगितलेल्या मांडणीत ऑप्शनलच ठेवायचं. सगळं नीट आहे, वेळ सोडून. वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारी यंत्रणा, कुणीतरी साइटवर आलं तरच जागं होतं. रहदारी कमी असलेल्या साइटवर रात्री २ वाजता लागलेल्या टॅगचं ईमेल सकाळी पहिला पाहुणा आल्यावर निघू शकतं. कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचं क्रॉन बंद करून सर्व्हरचं क्रॉन दर मिनिटाला लावलं की हा त्रास संपतो. हे न करता प्लगइनला नावं ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

मॉटिक हे मुक्तस्रोत आणि जरा वेगळ्या जातीचं. इथे टॅग थेट मोहीम सुरू करत नाही. मोहिमेचा स्रोत सेगमेंट किंवा फॉर्म असतो, म्हणून आधी ‘ज्यांना अमुक टॅग आहे’ असं सेगमेंट बनवायचं आणि ते मोहिमेला जोडायचं. म्हणजे मॉटिक पाटी वाचतं. याचा फायदा मोठा: मोहीम सुरू करण्याआधी टॅग असलेलेही आपसूक आत येतात, आणि टॅग काढला की पुढच्या फेरीत माणूस सेगमेंटमधून आणि तिथून मोहिमेतूनही बाहेर पडतो. आपल्या पाच प्रश्नांपैकी तिसऱ्याचं सगळ्यांत सरळ उत्तर मॉटिककडे आहे.

किंमत मोजावी लागते ती वेळेत. तीन वेगवेगळ्या क्रॉन आज्ञा लागतात: सेगमेंट ताजं करणारी, मोहिमेतली माणसं ताजी करणारी, आणि मोहिमेच्या पायऱ्या प्रत्यक्ष चालवणारी. समजा तिन्ही दर १५ मिनिटांनी, पहिली ०, १५, ३०, ४५ मिनिटांना, दुसरी त्यानंतर ५ मिनिटांनी, तिसरी आणखी ५ मिनिटांनी. टॅग १०:०१ ला लागला तर सेगमेंट १०:१५ ला, मोहीम १०:२० ला, ईमेल १०:२५ ला. चोवीस मिनिटं. टॅग १०:१४ ला लागला असता तर अकरा. आता हाच क्रम उलटा लावून बघा, आधी पायऱ्या चालवणारी, मग मोहीम, मग सेगमेंट: १०:११ ला लागलेल्या टॅगचं सेगमेंट १०:२५ ला, मोहीम १०:३५ ला आणि ईमेल १०:४५ ला, म्हणजे चौतीस मिनिटं. आज्ञा त्याच, फक्त रांग चुकली. ‘तुमची फाइल लगेच पाठवतो’ असं सांगणाऱ्या फॉर्मसाठी हा उशीर चालणार नाही. तिथे मॉटिकमध्ये फॉर्मच्या कृतीतूनच ईमेल पाठवावं आणि टॅग-सेगमेंटची वाट नंतरच्या पाठपुराव्यासाठी ठेवावी.

हबस्पॉट आणि मेलरलाइट, थोडक्यात

हबस्पॉटमध्ये टॅगचं काम संपर्काच्या प्रॉपर्टीने, म्हणजे फील्डने, करतात. अनेक पर्याय निवडता येणारी चेकबॉक्स प्रॉपर्टी बनवा, प्रत्येक पर्याय म्हणजे एक टॅग समजा. वर्कफ्लो चालू करताना आधीपासून अट पूर्ण करणाऱ्यांना घ्यायचं का, हे ते स्वतः विचारतं. हा शहाणपणा इतरांनी उचलायला हवा. पुन्हा प्रवेश मात्र मुळात बंद असतो, तो चालू करावा लागतो. फाइलमधून आयात करताना एक बारीक गोष्ट: चेकबॉक्सच्या नव्या पर्यायाआधी अर्धविराम टाकला तर तो जुन्या पर्यायांत भर घालतो, नाही टाकला तर जुने सगळे पुसून नवा एकटा उरतो. एका चिन्हाने हजारो लोकांचा इतिहास पुसला जाऊ शकतो. वर्कफ्लो वरच्या योजनांमध्येच मिळतात, त्यामुळे फक्त टॅगच्या ऑटोमेशनसाठी हबस्पॉट घेणं म्हणजे डास मारायला तोफ.

मेलरलाइटमध्ये टॅगऐवजी ग्रुप आहेत आणि ‘ग्रुपमध्ये सामील झाला’ हा ट्रिगर. नाव वेगळं, वापर तोच. साध्या मांडणीला पुरतं.

नावं ठेवण्याची कला

सेवा कुठलीही असो, टॅगांचं जंगल साधारण दोनशेच्या पुढे गेलं की कुणालाच काही उमगत नाही. आमचा आग्रह असा की ट्रिगरचे टॅग बाकीच्यांपासून नावातच वेगळे दिसावेत. ‘चालू-डेमो-पाठपुरावा’ असा ‘चालू-’ने सुरू होणारा टॅग म्हणजे तो लावला की काहीतरी घडणार, हात लावताना जपून. ‘आहे-ग्राहक’ म्हणजे स्थिती, ‘झालं-वेबिनार-मार्च’ म्हणजे इतिहास. पहिल्या प्रकारचे टॅग ऑटोमेशन काढून टाकते, दुसरे बदलतात, तिसरे कधीच निघत नाहीत. इतिहासाच्या टॅगवर कधीही ऑटोमेशन लटकवू नये. कुणीतरी अहवालासाठी तो मागाहून चारशे जणांना लावतो आणि चारशे ईमेल सुटतात.

देवनागरीत टॅग ठेवणाऱ्यांसाठी एक जादा सावधगिरी. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखीच, यंत्राला वेगळी. ‘ऱ्या’चीही तीच गत. टॅग टाइप करू नका, यादीतून निवडा. बाहेरून पाठवायचा असेल तर मूळ टॅग कॉपी करूनच घ्या.

एका टॅगने ऑटोमेशन सुरू होते, ती दुसरा टॅग लावते, त्याने दुसरी ऑटोमेशन सुरू होते, आणि ती पहिला टॅग पुन्हा लावते: असं वर्तुळ दोघांच्या कामातून नकळत तयार होतं. दोन्हींत पुन्हा प्रवेश चालू असेल आणि टॅग काढलेही जात असतील तर माणूस त्या चक्रात गोल गोल फिरतो. ‘चालू-’ टॅग दुसऱ्या ऑटोमेशनने लावायचा असेल तर आधी कागदावर बाण काढून बघावेत. बाण मागे वळला की थांबावं.

चालू करण्याआधी

एकच चाचणी-संपर्क पुरत नाही. तुमच्या पत्त्याला अधिक चिन्ह जोडून जीमेलवर हवे तेवढे वेगळे पत्ते तयार होतात, चार घ्या. पहिल्याला ऑटोमेशन चालू करण्याआधीच टॅग लावून ठेवा. दुसऱ्याला चालू केल्यावर लावा, ईमेल आल्यावर टॅग काढून पुन्हा लावा. तिसऱ्याला लावा आणि वेट पायरीवर असताना ‘डेमो-झाला’ लावा. चौथ्याला हाताने नाही, तर खऱ्या फॉर्ममधून किंवा खऱ्या जोडणीतून येऊ द्या. चाचणीसाठी २ आणि ५ दिवसांच्या वेट ५ मिनिटांच्या केल्या असतील तर त्या परत पूर्ववत करायला विसरू नका. हे इतक्या वेळा विसरलं जातं की भिंतीवर लिहून ठेवावं.

मध्यस्थ साधन असेल तर त्याचाही उशीर धरा. झेपियरच्या मोफत योजनेत पोलिंगवर चालणारा ट्रिगर १५ मिनिटांनी एकदा बघतो. तेवढा उशीर दिसला म्हणून ईमेल सेवेवर खापर फोडू नये.

जुन्या यादीला एकदम टॅग लावायचा असेल तर तुकडे करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांकडून पत्त्याची तांत्रिक ओळख आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय मागतात. जीमेलच्या लेखी दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणारा मोठा, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली असाव्यात अशी अट आहे. दोन वर्षं शांत असलेल्या वीस हजार जणांना एका दुपारी टॅग लावलात तर पहिलं ईमेल वीस हजारांना एकदम जातं आणि तक्रारींची ती मर्यादा सहज ओलांडली जाते. रोज पाचशेचा तुकडा, आधी अलीकडे खरेदी केलेले, मग जुने.

एका सेवेतून दुसरीत जाताना टॅग सोबत येतात, वर्कफ्लोमधली जागा येत नाही. दुसरं ईमेल मिळून तिसऱ्याची वाट बघणारा माणूस नव्या घरी फक्त ‘डेमो-मागितला’ घेऊन पोहोचतो आणि पहिल्या ईमेलपासून पुन्हा सुरुवात होते. म्हणून निघण्याआधी जुन्या सेवेत प्रत्येक ईमेलनंतर एक टॅग लावणारी पायरी घाला, ‘झालं-डेमो-१’, ‘झालं-डेमो-२’, आणि ती किमान एक पूर्ण फेरी चालू द्या. नव्या सेवेत वर्कफ्लो बंद ठेवून आयात करा. मग, थाप ऐकणाऱ्या सेवेत, स्विच चालू करा आणि सेवा तशी सोय देत असेल तर ‘झालं-डेमो-२’ असलेल्यांना हाताने थेट तिसऱ्या ईमेलच्या पायरीवर बसवा. जुन्या सेवेतला स्विच त्याच दिवशी बंद करायचा आहे, दुसऱ्या दिवशी नाही.